नारिंगी मिल्कवीड बियांपासून लावणे (इलिनॉय आणि आसपास)

रानगवत | २ फेब्रुवारी

बटरफ्लाय वीड म्हणजे नारिंगी फुलांचं ठेंगणं मिल्कवीड (रुईच्या कुळातलं झाड), शास्त्रीय नाव अ‍ॅस्क्लेपियस ट्युबरोसा. इलिनॉय, विस्कॉन्सिन, आयोवा, इंडियाना या पट्ट्यातल्या कोरड्या प्रेअरीची, म्हणजे गवताळ माळांची, ही अस्सल रहिवासी. दर उन्हाळ्यात ‘रोप आणलं, महिनाभर छान होतं, मग मान टाकली’ अशा पोस्टी येतात, म्हणून बियांपासूनची पद्धत एका जागी लिहून ठेवतो. बी थंडीत ठेवायचं तर आत्ताच ठेवायला हवं.

आधी स्वभाव समजून घ्या. जमिनीवर हे झाड दीड-दोन फूट, पण जमिनीखाली जाड आणि खोल सोटमूळ. खरं झाड ते मूळच. थंडीत वरचं सगळं वाळतं आणि मे महिन्यात मुळाच्या डोक्यातून नवे कोंब येतात. दिवसाला किमान ६ तास थेट ऊन हवं, ८ असेल तर उत्तम. माती रेताड, मुरमाड, हलकी. चिकणमातीतही तगतं, पण बर्फ वितळताना पाणी साचून राहत असेल तर मुळाचं डोकं सडतं. ‘थंडीने गेलं’ म्हणतो त्यातली बरीच रोपं थंडीने नाही, पाण्याने गेलेली असतात. थंडी त्याला झोन ३ (अमेरिकी कृषी खात्याच्या नकाशातला अतिथंड पट्टा) पर्यंत सहज चालते.

जागा ठरवण्याआधी निचरा बघा. फूटभर खोल खड्डा, काठोकाठ पाणी, रात्रभर मुरू द्या. सकाळी पुन्हा भरा आणि पट्टीने मोजा. तासाला इंचभर तरी पाणी उतरलं पाहिजे. त्याहून कमी असेल तर तिथे हे मिल्कवीड नकोच.

बी अगदी हलकं असतं, एका ग्रॅममध्ये साधारण दीडशे. १०-१२ रोपं हवी असतील तर ४० बिया घ्या. त्यांना ३० दिवस ओली थंडी लागते, नाहीतर उगवण अगदी तुरळक होते. मूठभर धुतलेली वाळू किंवा व्हर्मिक्युलाइट (ओल धरणारं हलकं खनिज) ओलं करा आणि मुठीत घट्ट दाबा. बोटांतून थेंब पडला तर पाणी जास्त झालं. नुसता ओलसर हात लागला पाहिजे. बिया त्यात मिसळा, झिपच्या पिशवीत भरा, तारीख लिहा आणि फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. फ्रीझरमध्ये नाही. तापमान १ ते ५ अंश सेल्सिअस.

मार्चच्या मध्यावर पेरायचं. भांडं रुंद नको, खोल हवं, निदान ५ इंच. पीट किंवा नारळाचा भुसा ३ भाग, पर्लाइट (निचऱ्यासाठीचे हलके पांढरे खडे) १ भाग. बागेतली माती भरू नका. प्रत्येक कप्प्यात २ बिया, पाव इंच खोल. २१ ते २४ अंशांना १० ते २० दिवसांत कोंब दिसतात. दिव्याखाली १४-१६ तास, दिवा रोपांच्या २-३ इंच वर. पाणी तळातून द्या आणि दोन पाण्यांमध्ये वरचा थर सुकू द्या, नाहीतर खोड जमिनीलगत बारीक होऊन रोप आडवं पडतं. शिकागोच्या उपनगरांत मेच्या मध्यापर्यंत रात्री गोठण्याची भीती असते. ती टळली की बाहेर लावा.

शिकागोकर | २ फेब्रुवारी

फोटो बघून प्रश्न पडला. हे आपल्याकडचं हळदीकुंकूच ना? कोकणात ओढ्याच्या कडेला असतं ते. इथल्या एका मोठ्या दुकानात ‘बटरफ्लाय मिल्कवीड’ अशा पाटीखाली लाल-पिवळ्या फुलांची रोपं असतात.

सोटमूळ | ३ फेब्रुवारी

बहीण आहे, पण ती नाही. हळदीकुंकू म्हणजे अ‍ॅस्क्लेपियस कुरासाविका, मूळची मध्य-दक्षिण अमेरिकेची, तिथून भारतात पसरलेली. दोन्ही रुईच्या कुळातल्या. मारुतीला जिच्या पानांची माळ घालतो त्या रुईवर प्लेन टायगर फुलपाखरू अंडी घालतं, इथे मिल्कवीडवर त्याचा भाऊबंद मोनार्क घालतो. दोघांचा वंश एकच, डॅनॉस.

ओळखायला पान मोडा. हळदीकुंकवातून पांढरा चीक येतो, पानं गुळगुळीत, समोरासमोर जोडीने. ट्युबरोसाचा रस पाण्यासारखा. मिल्कवीड असून चीक नाही, हीच तिची मोठी खूण. पानं एकाआड एक, खोड हाताला खरखरीत, केसाळ. फुलात लाल-पिवळा असा भेद नसतो, सगळं एकजात नारिंगी, कधीकधी पिवळं.

हा फरक महत्त्वाचा आहे. टेक्सास, फ्लोरिडा, आखाताच्या किनाऱ्याकडे हळदीकुंकू हिवाळ्यातही हिरवं राहतं. मोनार्क तिथेच रेंगाळतात आणि त्याच पानांवर ओई नावाच्या परजीवीचे बीजाणू साठत जातात. सुरवंट ते पानाबरोबर खातो, मग फुलपाखरू कोशातून नीट बाहेर पडत नाही, पंख चुरगळलेले राहतात. ह्यूस्टन, टॅम्पाकडच्या मंडळींनी हळदीकुंकू लावू नये. लावलेलं असेल तर शरद ऋतूत जमिनीपासून छाटावं. इलिनॉयमध्ये ते पहिल्या कडाक्यातच मरतं, त्यामुळे धोका कमी, पण बारमाही झाड म्हणून पैसेही फुकट. पाकिटावर ‘ट्युबरोसा’ वाचल्याशिवाय घेऊ नका. पाटीवरचं इंग्रजी नाव कुणीही काहीही लिहितं.

पाऊसवेडी | ५ फेब्रुवारी

फ्रिजमध्ये जागा नाही आणि घरात दिवेही नाहीत. बाहेरच्या बाहेर काही करता येतं का?

मृद्गंध | ५ फेब्रुवारी

येतं, आणि माझ्या मते तेच सगळ्यात सोपं. दुधाचा गॅलनचा अर्धपारदर्शक कॅन घ्या. तळापासून ४ इंचांवर आडवा कापा, पण कानाच्या बाजूला इंचभर जोड ठेवा, म्हणजे झाकणासारखा उघडतो. तळाला तापलेल्या सळईने ८-१० भोकं पाडा. ३ इंच मिश्रण भरा, पूर्ण ओलं करा, १५ बिया, वर पाव इंच मिश्रण. कडेने चिकटपट्टी लावून बंद करा. बूच फेकून द्या, तोंड उघडंच हवं. त्यातूनच पाऊस आणि बर्फ आत जातो. नाव आतल्या पट्टीवरही लिहा, बाहेरची शाई मार्चपर्यंत उडते.

कॅन उत्तरेच्या किंवा पूर्वेच्या भिंतीशी ठेवा. दक्षिणेच्या उन्हात मार्चमधल्या एखाद्या गरम दिवशी आत भट्टी होते आणि बी अवेळी फुटतं. अजून ३० दिवसांपेक्षा जास्त थंडी शिल्लक आहे, म्हणजे तुम्हाला उशीर झालेला नाही. एप्रिलच्या अखेरीस कोंब दिसले की दिवसा झाकण उघडायचं. कॅनमधली रोपं वाऱ्याची सवय असलेली निघतात, दिव्याखालच्या रोपांसारखी लांबुडकी होत नाहीत. रोपाला खऱ्या पानांच्या दोन जोड्या आल्या की लगेच हलवा. त्यापुढे थांबलात तर मुळं एकमेकांत गुंततात.

सोटमूळ | ६ फेब्रुवारी

रोपांबद्दल माझा मतभेद नोंदवतो. हे झाड सोटमुळावर जगतं. कुंडीच्या तळाला आपटून मूळ एकदा वळलं की जमिनीत गेल्यावरही बराच काळ वळलेलंच राहतं. नोव्हेंबरच्या मध्यात, जमीन गोठायच्या आधी, बी थेट जागेवर पेरावं. फूटभर अंतराने ४-५ बियांचे पुंजके, पाव इंच खोल, तळव्याने दाबून. थंडी निसर्ग देतो. मे-जूनमध्ये प्रत्येक पुंजक्यात एक रोप ठेवून बाकीची कात्रीने कापा. उपटू नका, शेजारचं मूळ हलतं.

रानगवत | ६ फेब्रुवारी

मोकळ्या, तण मारलेल्या जागेत तुमचं म्हणणं सोळा आणे खरं. उपनगरातल्या अंगणात अडचण वेगळी. पहिल्या वर्षी रोप जेमतेम ६-८ इंचांचं, पानं अरुंद. तणात ओळखूच येत नाही आणि निंदणीत जातं. सशांनाही कोवळं रोप आवडतं. म्हणून नवख्यांनी खोल भांड्यात रोप करून लावावं, फक्त ८ आठवड्यांच्या पुढे भांड्यात ठेवू नये. तळाच्या भोकातून पांढरं मूळ डोकावलं की त्याच आठवड्यात जमिनीत. भोवती फूटभर उंच कोंबडीजाळीचा गोल, खाली दोन इंच गाडलेला. दोन रोपांत १२ ते १८ इंच.

एका मुद्द्यावर मात्र आपलं एकमत असेल: दोन-तीन वर्षांचं लागलेलं झाड खणून दुसरीकडे नेऊ नये. घर बदलताना बी न्या, झाड राहू द्या.

सोटमूळ | ६ फेब्रुवारी

त्यावर पूर्ण एकमत.

शिकागोकर | ९ मार्च

पिशवीत पांढरी बुरशी दिसतेय. ३० दिवस व्हायला आठवडा बाकी. फेकू का?

मृद्गंध | ९ मार्च

फेकू नका. बी बोटांत धरून दाबा. टणक असेल तर जिवंत आहे, मऊ होऊन आतलं बाहेर आलं तर गेलं. टणक बिया चहाच्या गाळणीत वाहत्या पाण्याखाली धुवा, नव्या वाळूत घाला आणि या खेपेला ओल कमी ठेवा. बुरशी बहुतेक वेळा पोकळ बियांवर किंवा चिकटून राहिलेल्या कापसावर येते. एखादीला पांढरा मोड आलेला दिसला तर तिला फ्रिजमध्ये ठेवू नका, आजच पेरा. मोड पाव इंचाहून लांब झाला की हाताळताना तुटतो.

पाऊसवेडी | १२ मार्च

लावताना खड्ड्यात शेणखत, कंपोस्ट किती घालायचं? आमची माती पिवळसर चिकण आहे.

रानगवत | १२ मार्च

काहीच नाही. गुलाब-टोमॅटोची सवय इथे घात करते. सुपीक मातीत खोड उंच आणि लुसलुशीत वाढतं, जुलैच्या पहिल्या वादळात आडवं पडतं, आणि मावाही कोवळ्या शेंड्यांवर जास्त चढतो. चिकणमातीत नुसता खड्डा खणून त्यात हलकी माती भरली तर तो खड्डा हौदासारखा वागतो. आजूबाजूचं सगळं पाणी तिथे उतरतं आणि बाहेर जात नाही. त्यापेक्षा सगळा वाफा ६ ते ८ इंच उंच करा. तिथलीच माती, तिच्यात जाड वाळू किंवा बारीक खडी भरपूर मिसळून. चिकणमातीत थोडीशीच वाळू घातली तर मिश्रण विटेसारखं घट्ट होतं, म्हणून घालायची तर निम्म्याने घाला, नाहीतर वाफा नुसता उंच करा.

हिरवळ काढायची असेल तर नांगरू नका. माती उलटली की खाली निजलेलं तणांचं बी वर येतं. पुठ्ठ्याचे दोन थर, एकमेकांवर ६ इंच चढवून, वर ४ इंच लाकडाचा भुगा. एक अख्खा उन्हाळा तसंच ठेवा. लावताना तो भुगा रोपाच्या डोक्यापासून हातभर दूर सारा. मल्च मुळाच्या डोक्यावर साचलं की हिवाळ्यात तिथेच सड सुरू होते.

उत्तरायण | १४ मार्च

मिनेसोटाहून. आमच्या एचओएचं (घरमालकांच्या सोसायटीचं) पत्र येईल अशी भीती आहे. समोरच्या अंगणात लावावं का?

बांधावरून | १५ मार्च

इलिनॉयमध्ये २०२४च्या कायद्यामुळे एचओएला स्थानिक झाडांच्या बागेवर सरसकट बंदी घालता येत नाही. मिनेसोटात २०२३पासून शहरांना निगा राखलेली नैसर्गिक बाग चालू द्यावी लागते, पण तो नियम शहरांपुरता आहे, एचओएसाठी नाही. तुमच्या सोसायटीची नियमावली आधी वाचा आणि लेखी परवानगी घ्या.

कायदा असो-नसो, कड स्वच्छ ठेवा. फूटपाथलगत २ फूट कापलेलं गवत, मग विटांची किंवा दगडांची ओळ, मग ट्युबरोसासारखी ठेंगणी झाडं पुढे आणि उंच झाडं मागे. ट्युबरोसा इथे फार उपयोगी, कारण ती कॉमन मिल्कवीडसारखी जमिनीखालून पसरत नाही. जिथे लावाल तिथेच झुडपासारखी वाढते. सोबतीला लिटल ब्लूस्टेम किंवा प्रेअरी ड्रॉपसीड ही बुटकी गवतं लावा. गवताचे बुंधे झाडाला टेकू देतात आणि मधल्या जागेत तण येऊ देत नाहीत. उन्हाळाभर निगा दिसली की शेजारी स्वतः येऊन नाव विचारतात.

पाऊसवेडी | ११ मे

गेल्या वर्षी नर्सरीतून आणलेली दोन रोपं लावली होती. बाकी सगळं हिरवं झालं, कोनफ्लॉवर हातभर वर आलं, यांचा पत्ता नाही. गेली समजू?

रानगवत | ११ मे

थांबा! जमीन खणू नका. हे सगळ्यात शेवटी उठणारं झाड आहे. माती नीट तापल्याशिवाय हलत नाही, उत्तर इलिनॉयमध्ये मेचा तिसरा आठवडा सहज लागतो, गार वसंतात जून उजाडतो. कोंब शतावरीच्या बारीक देठांसारखे, जांभळट हिरवे असतात. पटकन दिसत नाहीत. एप्रिलच्या साफसफाईत कुदळीने जितकी झाडं मरतात तितकी रोगाने मरत नाहीत. म्हणून शरद ऋतूत खोडं पूर्ण कापू नका, ८-१० इंच ठेवा. तीच जागेची खूण, आणि पोकळ-भेंडाळ खोडांत काही एकांड्या मधमाश्या घर करतात. १५ जूनपर्यंत काही नाही आलं तर डोक्याशी बोटाने माती बाजूला करा. मूळ टणक आणि आतून पांढरं असेल तर झाड जिवंत आहे. मऊ, तपकिरी आणि वास येत असेल तर गेलं.

पाऊसवेडी | २९ मे

आले! एकाला पाच कोंब, दुसऱ्याला दोन. बियांची रोपं कधी फुलतील?

रानगवत | २९ मे

फार आनंद झाला. बियांच्या रोपांना दुसऱ्या वर्षी थोडी फुलं, तिसऱ्या वर्षी खरा बहर. पहिला उन्हाळा आठवड्याला एकदा खोल पाणी, दुसऱ्या वर्षापासून पावसावर सोडा.

शिकागोकर | ८ जुलै

शेंड्यांवर पिवळेजर्द किडे, पाय काळे, इतके की देठ दिसत नाही. कडुनिंबाचं तेल मारू का?

मृद्गंध | ८ जुलै

नको. हा ओलिअँडर एफिड, म्हणजे कण्हेरीवरचा मावा. तोच आपल्याकडे रुईवर दिसतो. इथे तो कण्हेरीबरोबर बाहेरून आला. सगळ्या माद्या, नराशिवाय थेट पिल्लं देतात, म्हणून आठवडाभरात देठ भरतो. त्याने मोठं झाड मरत नाही, शेंगा मात्र कमी धरतात.

आधी पानांच्या खालच्या बाजूला बघा. पिवळट पांढरं, टाचणीच्या डोक्याएवढं, उभ्या रेघांचं एकटं अंडं दिसलं तर ते मोनार्कचं. कडुनिंबाचं तेल, साबणाचं पाणी, दोन्हींनी अंडी आणि लहान सुरवंट मरतात. शेंडा एका हाताच्या तळव्यावर टेकवून नळीने जोरात पाणी मारा, दर २-३ दिवसांनी, तीनदा. खाली पडलेला मावा सहसा परत चढत नाही. दोन आठवड्यांनी मावा खाणाऱ्या लेडीबर्ड आणि लेसविंगच्या अळ्या आपोआप येतात. त्या यायच्या तर थोडा मावा शिल्लक ठेवावाच लागतो.

लाल-काळे ढेकणासारखे किडे दिसले तर ते मिल्कवीड बग. शेंगांतलं बी शोषतात. बी हवं असेल तरच साबणाच्या पाण्याच्या वाटीत झटका. केसांच्या झुपक्यांची काळी-पांढरी-नारिंगी अळी मिल्कवीड टसक मॉथची, ती इथलीच आहे. तिला खाऊ द्या.

उत्तरायण | १० जुलै

फुलांवर मधमाश्या आणि भुंगे खूप, पण मोनार्कचं एकही अंडं नाही. बी चुकीचं आलं का?

सोटमूळ | १० जुलै

बी बरोबर आहे. ट्युबरोसात कार्डेनोलाइड, म्हणजे सुरवंटाला विषारी करणारं द्रव्य, फार कमी असतं. मोनार्कची मादी तिच्यावर अंडी घालते, पण निवड असेल तर स्वॅम्प मिल्कवीड (इनकार्नाटा) किंवा कॉमन मिल्कवीड (सिरिआका) आधी निवडते. ट्युबरोसाची खरी ताकद मधात आहे. म्हणून ५ ट्युबरोसा कोरड्या उंचवट्यावर, आणि ३ इनकार्नाटा पावळीच्या किंवा गटाराच्या ओलसर बाजूला, अशी जोडी लावा. मेक्सिकोला परतणाऱ्या पिढीसाठी सप्टेंबरात फुलणारे अ‍ॅस्टर आणि गोल्डनरॉडही हवेत. डिसेंबर २०२४मध्ये अमेरिकेच्या फिश अँड वाइल्डलाइफ सर्व्हिसने मोनार्कला संकटग्रस्त यादीत घेण्याचा प्रस्ताव मांडला. नुसतं मिल्कवीड लावून भागणार नाही, त्याला वाटेतलं खाणंही पाहिजे.

एकदा फुलाजवळ भिंग घेऊन बसा. पाच उभे पेले, त्यांच्या मध्ये पाच अरुंद फटी. मधासाठी आलेल्या माशीचा पाय फटीत घसरतो आणि ओढून काढताना एक काळा ठिपका पायाला चिमट्यासारखा बसतो. त्या ठिपक्याला दोन बाजूंनी लोंबणाऱ्या दोन पिवळ्या पिशव्या. सगळे परागकण त्या पिशव्यांत बांधलेले असतात, सुटी पूड नसतेच. दुसऱ्या फुलाच्या फटीत ती पिशवी नेमकी बसली तरच शेंग. लहान माश्या कधीकधी अडकून मरतातही. म्हणून शेकडो फुलांत शेंगा चार-पाच. शिवाय ही झाडं स्वतःचे पराग सहसा स्वीकारत नाहीत. एकुलतं एक झाड असेल तर भरघोस फुलूनही शेंग धरणार नाही, वेगवेगळ्या बियांची निदान २-३ झाडं हवीत.

बांधावरून | ११ जुलै

नर्सरीतून रोप घेणाऱ्यांसाठी एक जोड. निओनिकोटिनॉइड हे कीटकनाशक वापरलं नाही ना, हे विचारून घ्या. ते मुळातून शोषलं जातं आणि पानांत, मधातही उतरतं. धुतल्याने जात नाही. दुकानदाराला सांगता येत नसेल तर रोप तिथेच ठेवा.

शिकागोकर | २१ सप्टेंबर

दोन झाडांना मिळून सहा शेंगा. तोडायच्या कधी? आणि आतला कापूस वेगळा कसा करायचा?

मृद्गंध | २१ सप्टेंबर

शेंगेच्या शिवणीवर अंगठ्याने हलकं दाबा. सहज उघडली आणि आतलं बी तपकिरी असेल तर तोडा. पांढरं असेल तर अजून आठवडाभर थांबा. एकदा शेंग स्वतः उकलली की म्हाताऱ्या वाऱ्यावर निघाल्या, मग हाताला लागत नाहीत. घरी नसाल त्या दिवसांसाठी शेंगेवर जाळीदार पिशवी बांधा.

शेंग पूर्ण उघडायच्या आत सोला. आतला गाभा कापसाच्या टोकाकडून चिमटीत घट्ट धरा आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने बी खालच्या दिशेला सरकवा. माशाच्या खवल्यांसारखं एकावर एक बसलेलं बी अलगद वाटीत पडतं आणि कापूस चिमटीत राहतो. उशीर होऊन कापूस फुलला असेल तर कागदी पिशवीत सगळं घाला, ४-५ नाणी टाका, तोंड बंद करून मिनिटभर हलवा आणि खालचा कोपरा कापा. बी नाण्यांबरोबर खाली येतं. काम अंगणातच करा आणि नंतर हात धुवा, डोळ्यांना लावू नका.

बी कागदी पाकिटात आठवडाभर सावलीत वाळवा, मग बरणीत घालून फ्रिजमध्ये. चार शेंगांचं बी नोव्हेंबरात थेट पेरा, दोन शेंगांचं राखून ठेवा.

पाऊसवेडी | २२ सप्टेंबर

नेपरव्हिलमध्ये आहे. कुणाकडे जास्तीचं बी असेल तर हवं आहे, माझ्या दोन झाडांना शेंग धरली नाही.

शिकागोकर | २२ सप्टेंबर

देतो. तुमची दोन्ही एकाच कुंडीतून फोडलेली होती का? तसं असेल तर सोटमूळ यांनी सांगितलेलंच कारण असणार. निरोप पाठवा, ५० बिया वेगळ्या काढून ठेवतो.